कुशावतीच्या उलट्या वाटेने चार दिवस

गोव्याच्या तिसऱ्या जिल्ह्याला कुशावती हे नाव मिळालं, त्यानंतरच्या आठवड्यात सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, कुशावती म्हणजे कुठली नदी?" मी फळ्यावर गोव्याचा नकाशा काढला. वर तेरेखोल, खाली गालजीबाग, मध्ये मांडवी आणि जुवारी. कुशावतीसाठी खडू टेकवला आणि हात थांबला. केपे-पारोड्याकडून जाते आणि जुवारीची उपनदी आहे, एवढं मला ठाऊक होतं. ती कुठून निघते, कशी वळते, कुठे मिळते, हे मी कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं. पाठ्यपुस्तकात समुद्राला मिळणाऱ्या नद्यांची यादी असते: तेरेखोल, शापोरा, बागा, मांडवी, जुवारी, साळ, साळेरी, तळपण, गालजीबाग. जी समुद्रापर्यंत पोचत नाही तिला यादीत जागा नाही. आणि आता अशाच एका नदीचं नाव चार तालुक्यांच्या माथ्यावर लागलं होतं.

मामांना फोन केला. मामा आयुष्यभर भूमापनात होते, दक्षिण गोव्याची शेतंच्या शेतं त्यांनी साखळीने मोजली आहेत. सत्तरी उलटली तरी नकाशांची गुंडाळी अजून कपाटात जपून ठेवतात. म्हणाले, "बाय, तू रजा काढ. मी येतो. पण खालून वर जायचं."

खालून वर का, ते त्यांनी चांदरला पोचल्यावर सांगितलं.

पहिला दिवस : चांदर

फोंड्याहून सकाळी सातला निघालो. माघ चालू असल्याने बोरीच्या पुलावर धुकं होतं आणि खाली जुवारी दिसत नव्हती, नुसता एका होडीच्या इंजिनाचा आवाज येत होता. चांदरच्या रेल्वे फाटकापाशी मामांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि बॉनेटवर नकाशा पसरला. पन्नास हजाराला एक या प्रमाणाचा तो नकाशा, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर.

"नदीबरोबर खाली आलं की पाणीच वाट दाखवतं, डोकं चालवावं लागत नाही," ते म्हणाले. "वर जाताना मात्र प्रत्येक फाट्याशी आपण ठरवायचं, या दोनांतली कुशावती कुठली. नाव कुठपर्यंत टिकतं ते असं वर गेल्यावरच कळतं."

मग त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली. चांदर सासष्टीत येतं. नव्या जिल्ह्यात सांगे, केपे, काणकोण आणि धारबांदोडा हे तालुके गेले, सासष्टी दक्षिण गोव्यातच राहिली. म्हणजे जिल्ह्याला नाव देणारी नदी शेवटच्या टप्प्यात जिल्ह्याची हद्द ओलांडते आणि शेजारच्या जिल्ह्यात जाऊन जुवारीला मिळते. मामांना यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या मते हद्द माणसं आखतात आणि पाणी उतार बघून जातं, इतका साधा हिशेब आहे.

चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर. भोज घराण्याची राजधानी, पुढे कदंब घराण्याचीही. शिरोड्याला सापडलेला भोज राजा देवराजाचा ताम्रपट याच चंद्रपुराहून दिलेला. एवढ्या आतल्या गावात राजधानी कशी, असा प्रश्न आज रस्त्याने येणाऱ्याला पडतो. पाण्याने येणाऱ्याला तो पडत नसणार. जुवारीतून आत शिरायचं, कुशावतीच्या तोंडाशी वळायचं की आलंच चंद्रपूर. समुद्र दूर असल्याने अचानक हल्ल्याची भीती कमी, आणि तरीही गलबतांना पाण्याची वाट मोकळी. अकराव्या शतकात कदंबांनी व्यापारासाठी राजधानी जुवारीच्या मुखाजवळ गोपकपट्टणला नेली. चौदाव्या शतकात तुघलकांच्या स्वारीत चंद्रपूर उद्ध्वस्त झालं ते पुन्हा राजधानी म्हणून उठलं नाही.

कोटाच्या जागेवर आता राखलेलं एक मोकळं आवार आहे. जमिनीत देवळाचा विटांचा पाया दिसतो, आणि एक नंदी बसला आहे. त्याला डोकं नाही. 1929 मध्ये इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी इथे उत्खनन केलं होतं. नंदीच्या गळ्यातली कोरीव घुंगुरमाळ अजून स्पष्ट आहे. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर दगड उन्हाने कोमट झाला होता. गावातली ख्रिस्ती मंडळी कार्निव्हालात इथे मुसळखेळ खेळतात, हातात मुसळं घेऊन फेर धरतात. धर्म बदलला, राज्यं बदलली, पण नाच राहिला. आणि नाव? चंद्रपूरचं चांदर झालं, एवढंच. गावांची नावं अशी झिजत झिजत टिकतात, नदीतल्या गोट्यासारखी.

दुपारी नदीवर गेलो. इथे कुशावती संथ आहे आणि भरती-ओहोटीच्या हुकमात आहे. दोन्ही बाजूंना खाजनं (खाडीकाठची सखल शेतं), त्यांना राखणारे मातीचे बांध, आणि बांधात मध्येच एक मानस. मानस हा शब्द मी मुलांना शिकवते, पण इतक्या जवळून त्या दिवशी पाहिली. चिऱ्याच्या चौकटीत लाकडी दारं वरच्या बाजूने टांगलेली. ओहोटीला आतलं पाणी दाराला ढकलून बाहेर जातं. भरती चढली की बाहेरचं खारं पाणी तेच दार लोटून बंद करतं. माणसाने हात लावायचाच नाही. आम्ही होतो तेव्हा ओहोटी संपत आली होती. दार हाताच्या दोन बोटांएवढं उघडं होतं आणि त्या फटीतून सुंगटांची (कोळंबीची) पिल्लं उलट्या दिशेने आत घुसायचा प्रयत्न करत होती. हळूहळू फट एका बोटाची झाली. मग लाकडाचा चिऱ्यावर आपटल्याचा जड आवाज आला आणि दार मिटलं. नदी उलटी वाहू लागली होती.

बांधावर एक म्हातारे गृहस्थ जाळं शिवत बसले होते. मामांनी विचारलं, या नदीचं नाव काय? त्यांनी वर न बघता सांगितलं, "ही न्हंय." न्हंय म्हणजे कोंकणीत नदी. मग पलीकडे, जुवारीच्या दिशेला हनुवटी उडवून म्हणाले, "ती व्हडली न्हंय." म्हणजे मोठी नदी.

मी वहीत पहिली नोंद केली: चांदर, न्हंय.

मुक्काम केप्यात, मामीच्या बहिणीकडे. रात्री उकड्या भाताबरोबर बांगड्यांचं हुमण.

दुसरा दिवस : पारोडा, पर्वत आणि केपे

इंग्रजी नकाशांत आणि पुस्तकांत कुशावतीला पारोडा नदी असंही म्हटलेलं सापडतं. म्हणजे ज्या गावापाशी नकाशा करणाऱ्याने तिचं नाव विचारलं, त्या गावाच्या नावाने ती कागदावर आली. मामा म्हणतात, हे नेहमीचंच. साहेब पुलावर उभा राहून विचारतो, "कसली नदी?" समोरचा माणूस सरळ मनाने सांगतो, "पारोड्याची." त्याला म्हणायचं असतं, ही आमची. साहेब लिहून घेतो ते नदीचं विशेषनाम म्हणून.

पण पारोड्याने ते नाव कमावलेलं आहे. पावसाळ्यात मडगाव-केपे रस्त्यावर पाणी चढतं ते इथेच. वर्तमानपत्रात दर जुलैला त्या बुडालेल्या रस्त्याचा फोटो येतो. आत्ता माघात नदी एवढीशी होती की शेतातल्या वांग्यांच्या वाफ्यांमागे ती आहे हे शोधावं लागलं. मामांनी एका घराच्या चिऱ्याच्या कुंपणावर मातीची रेघ दाखवली, माझ्या कमरेच्या वर. "गेल्या पावसाची."

असं का होतं ते पर्वतावर चढल्यावर कळलं. चंद्रेश्वर-भूतनाथाचं देऊळ ज्या डोंगरावर आहे त्याला इथले लोक नुसतं पर्वत म्हणतात. चंद्रेश्वर आणि चंद्रपूर, खालचं गाव आणि वरचा देव, एकाच चंद्राचे. पौर्णिमेचं चांदणं लिंगावर पडलं की त्याला पाझर फुटतो, अशी श्रद्धा आहे. दर्शन घेऊन आम्ही पूर्वेच्या कड्याशी उभे राहिलो आणि नदी पहिल्यांदा पूर्ण दिसली. नदी म्हणजे झाडांची एक गर्द हिरवी, नागमोडी रांग, पाणी कुठेकुठेच चमकत होतं. दक्षिणेचे डोंगर निळे, तिथून ती उतरते. मध्ये केपे. मग पारोड्याच्या सपाटीवर येऊन तिचा वेग मोडतो, ती वळसे घेते, उत्तरेला चांदरकडे तोंड करते. डोंगरातलं पावसाचं पाणी काही तासांत खाली येतं, सपाटीवर त्याला उतार मिळत नाही, आणि पुढे जुवारीत भरती असेल तर दारच बंद. काल पाहिलेलं मानशीचं दार माझ्या डोळ्यांपुढे आलं. पारोड्याचा पूर म्हणजे तेच दार, फक्त अख्ख्या नदीएवढं मोठं.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चाळीस वर्षं हा नकाशा हाताळला. वरून पाहिली नव्हती."

उतरून केप्यात आलो तेव्हा भूक सपाटून लागली होती. बाजारातल्या हॉटेलात पातळ भाजी, पाव आणि मिरची भजी. भिंतीवर नव्या जिल्ह्याच्या अभिनंदनाचा फलक होता, ठळक अक्षरांत कुशावती. हॉटेलपासून चालत पाच मिनिटांवर तीच नदी आहे. चहा आणणाऱ्या मुलाला विचारलं, इथे नदीवर जायची वाट कुठली? त्याने वाट सांगितली आणि वर पुस्ती जोडली, "देवळाकडल्या न्हंयेर वचूं नाकात, थंय खोल आसा." म्हणजे तिकडे जाऊ नका, खोल आहे. आमच्या मनात न्हंय एकच होती, त्याच्या मनात वेगवेगळ्या होत्या. देवळाकडची, पुलाकडची, कपडे धुण्याची.

संध्याकाळी डीनच्या वाड्यामागच्या बाजूने नदीकाठी गेलो. 1787 मध्ये जुझे पावलु द आल्मैद या चर्चच्या डीनने हा वाडा बांधला आणि त्याच्याभोवती केपे शहर वसवलं. बागेचा उतार थेट नदीपर्यंत जातो. त्याला जागा निवडायची मोकळीक होती आणि त्याने कुशावतीचा काठ निवडला. चंद्रपुरानंतर बारा-तेराशे वर्षांनी, तीच नदी.

वहीत दुसरी नोंद: पारोड्याची न्हंय, देवळाकडली न्हंय. कुशावती फक्त फलकावर.

तिसरा दिवस : रिवण आणि उसगाळीमळ

या दिवसासाठीच मी खरं म्हणजे घरून निघाले होते.

रात्री झोप येईना म्हणून नावाचाच विचार करत होते. कुश म्हणजे दर्भ. वती म्हणजे असलेली, युक्त. जिच्या काठी दर्भ आहे ती कुशावती. संस्कृतात गवतांवरून पडलेल्या नद्यांच्या नावांचं एक घराणंच आहे. शर नावाच्या बोरूवरून शरावती, आपल्या खाली कर्नाटकात. वेतावरून वेत्रवती, म्हणजे आजची बेटवा. नाव देणाऱ्याने नदीकडे पाहिलं तेव्हा त्याला पाण्याआधी काठचं गवत दिसलं. मला हे फार आवडतं. नाव देणारा काठावर उभा होता, चालत आलेला होता, त्याच्या पायांना ते गवत लागलं असणार.

दुसरी वाट रामायणाकडे जाते. रामाचा मुलगा कुश आणि त्याची नगरी कुशावती. तिसरी पाली ग्रंथांकडे: बुद्धाचं महापरिनिर्वाण झालं त्या कुशिनाऱ्याचं प्राचीन नाव कुशावती होतं, असं महासुदस्सन सुत्तात येतं. आणि जुवारीच्या मुखाशी कुशस्थळी आहे, आजचं कुठ्ठाळ, मंगेशाचं मूळ ठिकाण. खाली कुशस्थळी, वर कुशावती, मध्ये अघनाशिनी हे पौराणिक नाव असलेली जुवारी. पोथीतल्या नावांनी हा सगळा जलमार्ग एकदा कुणीतरी बांधून काढलेला आहे. माझा कौल दर्भालाच. पण रिवणला पोचल्यावर तिसरी वाटही सोडवेना.

रिवणच्या गुहांना गावात पांडवांच्या गुहा म्हणतात. जांभ्या दगडात कोरलेल्या, बुटक्या दारांच्या. बौद्ध भिक्षूंच्या मानल्या जातात. बाहेर दगडातच खोदलेलं कुंड आहे, त्यात झऱ्याचं पाणी. आत शिरताना मामांना गुडघे टेकून जावं लागलं. आत गार अंधार, वटवाघळांचा वास आणि पाण्याच्या थेंबाचा मोजून पडणारा आवाज. ज्यांनी ही जागा निवडली त्यांना पाणी हवं होतं, नदी जवळ हवी होती आणि गाव फार जवळ नको होतं. रिवण हे नाव ऋषिवनावरून आलं असं लोक सांगतात. ते खरं असो नसो, नाव त्या जागेला शोभतं.

तिथून उसगाळीमळला. वाट खाणीच्या जुन्या भागातून जाते. 2018 च्या मार्चपासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गोव्यातल्या खाणी थांबल्या, त्यानंतर काही पुन्हा सुरू झाल्या. एका बाजूला लाल मातीचे डोंगर, त्यांवर आता अकेशियाची झाडं, आणि खड्ड्यात साचलेलं हिरवट निळं पाणी. सुंदर दिसतं, पण तो रंग बघून मला धस्स झालं. हे ढिगारे पावसात उतरतात ते नदीतच. मामांनी एका वळणावर गाडी थांबवून सांगितलं, "इथे मी मोजलेलं शेत होतं." खाली बघितलं तर खड्डा.

मग वाट झाडीत उतरली आणि नदीचा आवाज आला. चांदरला ती गप्प होती, केप्यात कुजबुजत होती, इथे मात्र दगडांवरून बोलत होती. काठाला जांभ्याचा एक प्रशस्त, सपाट कातळ, काळपट पडलेला. पहिल्या नजरेला त्यावर काहीच दिसलं नाही. राखणदाराने बादलीभर पाणी आणून ओतलं. ओला कातळ गडद झाला, पाणी खाचांत उतरलं, आणि माझ्या पायांपासून दोन हातांवर एक बैल उभा राहिला.

शिंगं आधी दिसली. मागे वळलेली, एका झोकात खोदलेली. मग पाठीची रेघ, मग पोट. खाच बोटभर रुंद. तिच्या तळाशी अजून पाणी चमकत होतं. मी चपला काढून कातळावर बसले. जांभ्यावर रेघ सरळ ओढणं सोपं नाही, हा दगड भोकाभोकांचा, कुठे मऊ कुठे लोहाने घट्ट. घरासाठी चिरे तासणारे गवंडी मी लहानपणापासून पाहिले आहेत. त्यांच्या हातातलं लोखंडी हत्यारही या दगडात अडखळतं. पाठीच्या त्या रेघेत एके ठिकाणी घट्ट गाठ आडवी आली आहे आणि कोरणाऱ्याने ती टाळलेली नाही. तिथे खाच थोडी उथळ होते, पण वळण मोडत नाही. तो हात तिथे जास्त वेळ थांबला असणार.

बादलीमागून बादली येत गेली. हरणं आली, मोर आला, माणसं आली. आणि मग ते चक्र, एकात एक गुंफलेल्या वर्तुळांचं, ज्याच्यासाठी लोक लांबून येतात. मी डोळ्यांनी त्याची वाट धरून आत जायला बघितलं आणि तिसऱ्या वळणाला चुकले. मामांनी टेप काढली, मग काय वाटलं कोण जाणे, न उलगडता खिशात ठेवली.

ही चित्रं 1993 मध्ये जगापुढे आली. शंभराहून जास्त आकृत्या आहेत. काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, पण हजारो वर्षांची बाब आहे याबद्दल वाद नाही. जगापुढे 1993 मध्ये आली, असं आपण म्हणतो. गावकऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होती. त्यांनीच दाखवली म्हणून संशोधक इथवर आले.

परत निघताना एक विचार मनातून जाईना. ज्यांनी हा बैल कोरला त्यांनी या पाण्याला काहीतरी म्हटलं असणार. मुलांना हाक मारताना, "अमुकवर जाऊ नको, खोल आहे," असं. तो शब्द कुठल्या भाषेतला, कसा होता, कातळाने तेवढं ठेवलं नाही. कुशावती हे नाव आम्हांला जुनं वाटतं, संस्कृत म्हणून. या कातळासमोर ते कालचं आहे.

राखणदाराला नदीचं नाव विचारलं. तो म्हणाला, "लोकांक सांगतां तेन्ना कुशावती. घरांत न्हंय."

येताना साळावलीच्या बाजूने आलो. तीही जुवारीच्याच खोऱ्यातली नदी. तिच्यावर धरण झालं आणि कुर्डी गाव पाण्याखाली गेलं, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. तिथलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ दगड दगड सुटा करून दुसरीकडे उभारलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की कुर्डीकर आपापल्या घरांचे जोते शोधायला जातात. तिथे नदीचं नाव धरणाला मिळालं आणि गावाचं नाव एका गायिकेच्या आडनावात राहिलं. मामांनी त्या गावातही मोजणी केली होती. गाडीत ते घरांची नावं आठवत राहिले, वाड्यावाड्याने, मी मध्ये बोलले नाही.

चौथा दिवस : फाटे

उगम गाठायचा म्हणून निघालो. दक्षिणेकडे डोंगर जवळ येत गेले, रस्ता अरुंद झाला, नदीवर पुलाऐवजी साकव आले. एका ठिकाणी वसंत बंधारा होता, फळ्या घातलेल्या, मागे गढूळ हिरवं पाणी आणि त्यावर बसलेला खंड्या. पुढे पहिला फाटा. दोन ओहोळ, जवळजवळ सारखेच. मामांनी नकाशा काढला. नकाशावर दोन निळ्या रेघा होत्या आणि दोन्हींवर नाव नव्हतं.

"आता बोल, बाय. कुशावती कुठली?"

भूगोलाच्या पुस्तकात उत्तर आहे: जो प्रवाह लांब तो मुख्य, किंवा ज्यात पाणी जास्त तो. लांबी नकाशावर दोऱ्याने मोजली, फरक नखाएवढा. पाण्याचं म्हणाल तर माघात उजवा जास्त भरला होता. श्रावणात कोण जास्त असेल ते श्रावणातच बघायचं. मामांनी मग मला सांगितलं की नकाशात नाव छापायला जागा लागते. रेघ लांब नसेल तर अक्षरं मावत नाहीत, मावली नाहीत तर गाळतात, आणि एकदा गाळलं की पुढच्या आवृत्तीत कोणी विचारत नाही. गोव्यातले किती व्हाळ (ओढे) असे अक्षरांच्या रुंदीपायी निनावी झाले असतील.

आम्ही उजवा धरला. अर्ध्या तासाने पुन्हा फाटा. मग तिसरा. तिसऱ्यापाशी मी शेवाळलेल्या दगडावरून घसरले आणि वही पाण्यात पडली. मामांनी ती झटकन उचलली, तरी पहिल्या दोन दिवसांची पानं शाई पसरून निळी झाली. हे लिहिताना चांदरचा भाग त्यामुळे आठवणीतून लिहिला आहे.

वरती एक कुळागर लागलं. पोफळी, त्यांच्यावर चढलेले मिरवेल, खाली केळी आणि वेलची. ओल्या मातीचा आणि सुकत घातलेल्या सुपारीचा वास. व्हाळातून काढलेला पाट कुळागरात फिरवला होता, आणि घरची बाई, साठीची असेल, कुदळ घेऊन शिंपणं बदलत होती. आम्हांला बघून तिने आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी दिलं, मग विचारलं कुठले.

व्हाळांची नावं विचारल्यावर ती भराभरा सांगत सुटली. हा मोठा तो व्हडलो व्हाळ. पलीकडचा, जिथे दोन घरांच्या हद्दी मिळतात तो शिमेचो. वरचा, जो चैत्रात आटतो तो सुको. एक झर आहे त्याला नुसतं झर म्हणतात, पण बाळंतिणीला पाणी तिथलंच आणतात. तिच्या एका नजरेच्या टप्प्यात चार नावं होती, आणि नकाशावर त्या जागी एकही नाही. मामांनी शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली, पाटाच्या कडेला उकिडवे बसले आणि बारीक अक्षरांत, रेघांना अगदी चिकटवून, चारही नावं नकाशावर लिहून घेतली. पुन्हा पुन्हा तिला वाचून दाखवली, उच्चार बरोबर आहे ना म्हणून.

मी विचारलं, "आणि कुशावती?"

ती थोडा वेळ आठवत राहिली. "कुशावती? ती केप्याक आसा न्ही? नवें ऑफिस?"

मामांनी तिला समजावून सांगितलं, की हेच पाणी खाली रिवणवरून केप्याला जातं, तिथे त्याला कुशावती म्हणतात, आणि त्याचंच नाव जिल्ह्याला दिलं आहे. तिने पाटाकडे पाहिलं. "ह्याच उदकाचें?" म्हणाली. मामांनी मान हलवली.

तिने ओणवं होऊन पाटाच्या तोंडातली सुकी झावळी आणि दोन दगड बाजूला केले. पाणी पोफळींच्या आळ्यातून वळलं आणि पुन्हा व्हाळात जाऊन पडलं.